जाहिरात येते कुठून ते आधी पाहा: फोन, लॅपटॉप आणि टीव्हीवरच्या जाहिराती आवरण्याची रीत

फोनवर जाहिरातींचा उच्छाद झाला की बहुतेक जण अ‍ॅप स्टोअर उघडून ‘अ‍ॅड ब्लॉकर’ शोधतात, वर दिसेल ते अ‍ॅप घेतात, मागेल त्या परवानग्या देतात आणि आठवड्याभरात त्याच अ‍ॅपच्या जाहिराती बघत बसतात. यात चुकीचं अ‍ॅप निवडलं हा भाग नंतरचा. जाहिरात कुठल्या वाटेनं आत येते हे न पाहताच उपाय सुरू केला, खरी चूक तिथे झाली.

वाटा चार आहेत. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरची जाहिरात ही पहिली. अ‍ॅपच्या आत येणारी, म्हणजे गेमच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तीस सेकंद डोकं खाणारी, ही दुसरी. नोटिफिकेशन होऊन वरून टपकणारी तिसरी. आणि फोन, विंडोज किंवा टीव्ही बनवणाऱ्यांनीच आत बसवून दिलेली चौथी. पहिलीवर ब्राउझरचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) चालतं, दुसरीवर बऱ्याच अंशी डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) चालतो, तिसरी आणि चौथी बहुतांशी सेटिंग्जमधूनच बंद होते. चारही वाटा एका फटक्यात बंद करणारं बटण नाही, आणि तसं बटण देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

पुढचा क्रम कमी कष्टात जास्त फरक पडेल असा लावला आहे. पहिले तीन टप्पे तासाभरात उरकतात. शेवटचा टप्पा पाय-होलचा, म्हणजे घरभरच्या जाहिराती एका जागी अडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. तो हौशी लोकांसाठी आहे, तो केला नाही तरी चालतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथे वेबपत्ते आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. उपकरणात ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचे. मराठी कीबोर्डवरून टाकलेला ‘९४’ राउटरला कळत नाही.

आधी नोटिफिकेशन

इथे काहीही इन्स्टॉल करायचं नाही, म्हणून सुरुवात इथून. एखाद्या पानावर ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं येतं. तो ‘अलाउ’ रोबोटसाठी नसतोच. त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी तुम्ही त्यातून देता. मग ती साइट बंद असली तरी दिवसभर लॉटरी, कर्ज आणि ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस’ सुरू होतं. लॅपटॉपवर हेच स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात येतं आणि लोक घाबरून अँटिव्हायरस विकत घेतात.

अँड्रॉइडवर अशी नोटिफिकेशन आली की ती लगेच बाजूला सारू नका. तिच्यावर बोट दाबून धरा, म्हणजे ती कुठल्या अ‍ॅपची आहे ते कळतं. नाव क्रोमचं निघालं तर ती वेबसाइटची करणी. क्रोममध्ये तीन ठिपके, ‘सेटिंग्ज’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ असं जा. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसेल. त्यातली ओळखीची नसलेली प्रत्येक साइट ब्लॉक करा आणि वरचा मुख्य खटका बंद करा, म्हणजे यापुढे कुठलीच साइट विचारणार नाही. संगणकावर हीच यादी ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘साइट सेटिंग्ज’मध्ये आहे.

नाव खरेदीच्या किंवा जेवण मागवायच्या एखाद्या अ‍ॅपचं असेल तर सगळी नोटिफिकेशन्स बंद करू नका, ऑर्डर कुठवर आली तेही कळेनासं होईल. अँड्रॉइड ८पासून, म्हणजे २०१७पासून, अ‍ॅपना आपल्या नोटिफिकेशन्सचे कप्पे करावे लागतात. त्या अ‍ॅपच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमध्ये ‘प्रमोशन्स’, ‘ऑफर्स’, ‘रेकमेंडेशन्स’ असे कप्पे वेगळे दिसतात. तेवढेच बंद करा. काही अ‍ॅप्स लबाडीनं सगळं एकाच कप्प्यात कोंबतात. तिथे अ‍ॅपच्या आतली सेटिंग्ज बघावी लागतात.

कुठलंच अ‍ॅप उघडलेलं नसताना होम स्क्रीनवर अख्ख्या पडद्याची जाहिरात आली, तर मात्र प्रकरण वेगळं आहे. फोनमध्ये एखादं अ‍ॅप जाहिरातींसाठीच येऊन बसलं आहे. बहुधा टॉर्च, फाइल क्लीनर, क्यूआर स्कॅनर किंवा वॉलपेपर असल्या चिल्लर कामाचं. जाहिरात पडद्यावर असतानाच अलीकडची अ‍ॅप्स दाखवणारं बटण दाबा. जाहिरातीच्या चौकटीवर त्या अ‍ॅपचं चिन्ह दिसतं. तिथे चिन्ह कोरं असेल तर ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’, ‘स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस’, ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’ ही यादी उघडा आणि ही परवानगी कुणाकुणाकडे आहे ते तपासा. अ‍ॅप काढताना ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसत असेल, तर त्यानं स्वतःला डिव्हाइस अ‍ॅडमिन करून घेतलेलं असतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ शोधा, तिथला त्याचा हक्क काढा, मग अ‍ॅप निघतं.

ब्राउझर: इथेच सर्वात मोठा फरक पडतो

ब्राउझरमधला ब्लॉकर दोन कामं करतो. जाहिरात ज्या सर्व्हरवरून येते तिथली विनंती जाऊच देत नाही, आणि पानावर उरलेली रिकामी चौकट लपवतो. हे दुसरं काम डीएनएसला जमत नाही, कारण पान कसं दिसतं ते डीएनएसला दिसतच नाही. म्हणून डीएनएस लावला तरी ब्राउझरमधला ब्लॉकर हवाच.

निव्वळ कटकट टाळायची म्हणून हे करायचं असंही नाही. शोधाच्या निकालांत सर्वात वर पैसे भरून बसलेल्या नकली लिंक असतात, बँकेच्या किंवा सॉफ्टवेअरच्या खऱ्या साइटसारख्या दिसणाऱ्या. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२मध्ये याच कारणासाठी लोकांना शोध घेताना अ‍ॅड ब्लॉकर वापरायचा सल्ला दिला होता.

संगणकावर निवड सोपी आहे: फायरफॉक्स आणि त्यावर यूब्लॉक ओरिजिन. नाव नीट वाचा. नुसतं ‘यूब्लॉक’ हे वेगळं एक्स्टेन्शन आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. हवं ते रेमंड हिल यांचं. फायरफॉक्सच्या अ‍ॅड-ऑन पानावर विकसकाच्या जागी तेच नाव दिसलं पाहिजे. ते फुकट आहे आणि देणग्याही घेत नाही, त्यामुळे ‘प्रो आवृत्तीसाठी पैसे भरा’ म्हणणारं जे काही असेल ते नकली समजा.

क्रोमवर परिस्थिती बदलली आहे. एक्स्टेन्शनसाठी गूगलनं ‘मॅनिफेस्ट व्ही३’ नावाची नवी नियमावली आणली आणि २०२५पर्यंत क्रोममध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद झाली. त्यात मूळ यूब्लॉक ओरिजिनही गेलं. आता तिथे यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं. रोजच्या वापराला ते पुरतं, पण काय अडवायचं ते सांगणाऱ्या त्याच्या याद्या एक्स्टेन्शन अपडेट होईल तेव्हाच ताज्या होतात आणि अडचण आली तर हाताशी अवजारं कमी. लाइट लावलंत तर त्याच्या खिडकीतला फिल्टरिंगचा स्तर ‘ऑप्टिमल’वर आहे का ते बघा. ‘बेसिक’वर असेल तर बरंच काही निसटतं.

अँड्रॉइडवर क्रोम एक्स्टेन्शन घेत नाही, फायरफॉक्स घेतं. फायरफॉक्स उघडून मेनूतून ‘एक्स्टेन्शन्स’मध्ये जा, यूब्लॉक ओरिजिनसमोरचं अधिकचं चिन्ह दाबा. मग एक पायरी बहुतेक जण विसरतात: अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर फायरफॉक्स करा. नाहीतर चॅटमधली प्रत्येक लिंक क्रोममध्येच उघडते आणि ‘ब्लॉकर चालत नाही’ अशी तक्रार होते. ज्यांना जोडाजोडी नको त्यांनी ब्रेव्ह ब्राउझर घ्यावा, त्यात ब्लॉकर आतच आहे.

आयफोनवर फायरफॉक्स घेऊन उपयोग नाही, तिथे त्यात एक्स्टेन्शन चालत नाहीत. सफारीच वापरा. अ‍ॅप स्टोअरमधून अ‍ॅडगार्ड किंवा यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या, मग ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’, ‘सफारी’, ‘एक्स्टेन्शन्स’मध्ये जाऊन ते चालू करा आणि सगळ्या वेबसाइट्ससाठी परवानगी द्या. जुन्या आयओएसमध्ये ‘सफारी’ थेट ‘सेटिंग्ज’च्या मुख्य यादीत असतं. नुसतं अ‍ॅप उतरवलं आणि खटका चालू केला नाही, तर जाहिराती जशाच्या तशा राहतात.

दोन ब्लॉकर एकत्र लावू नका. दुप्पट फायदा होत नाही. एक जण जे काळजीपूर्वक निकामी करतो त्यात दुसरा मध्ये पडतो, आणि साइटला ‘ब्लॉकर आहे’ हे ओळखणं सोपं जातं.

साइट बिघडली तर काय करायचं

ज्यानं ब्लॉकर लावला त्याच्यावर कधी ना कधी हे येतंच: पैसे भरायचं बटण दाबलं जात नाही, व्हिडिओच्या जागी काळा चौकोन, लॉगिन करताच पुन्हा लॉगिनचंच पान. यूब्लॉक ओरिजिनच्या चिन्हावर क्लिक करा, मोठं पॉवरचं बटण दाबा, पान पुन्हा लोड करा. आता चाललं तर दोष ब्लॉकरचा. नाही चाललं तर साइटच गंडलेली आहे, ब्लॉकरला शिव्या देऊन काही होणार नाही. हे बटण फक्त त्याच साइटपुरतं बंद करतं आणि ते लक्षात ठेवतं.

घाई नसेल तर अख्खी साइट मोकळी सोडू नका. ब्लॉकर चालूच ठेवून त्याच खिडकीतून ‘लॉगर’ उघडा आणि पान पुन्हा लोड करा. ओळी धडाधड वाहायला लागतात, त्यांतल्या लाल ओळी म्हणजे अडवलेल्या विनंत्या. पैसे भरण्याच्या पानावर अशा पंधरा-वीस लाल ओळी असल्या तरी बहुतेक मोजमाप करणाऱ्या कंपन्यांच्या असतात. तुम्हाला शोधायची ती एखादीच, जिच्या नावात ‘पे’, ‘चेकआउट’ किंवा ‘कॅप्चा’ असं काही आहे. ओळीवर क्लिक केलं की कुठल्या यादीतल्या कुठल्या नियमानं तिला अडवलं ते दिसतं, आणि तेवढ्याच नियमाला अपवाद तिथूनच करता येतो. पहिल्यांदा दहा मिनिटं जातात, पुढच्या वेळी दोन.

उलट, एखादी चौकट राहूनच जात असेल तर खिडकीतलं ड्रॉपरचं चिन्ह घ्या, चौकटीवर टिचकी मारा, काय जाणार ते आधी ‘प्रिव्ह्यू’त बघून घ्या आणि मगच ‘क्रिएट’ दाबा. हा नियम ‘माय फिल्टर्स’मध्ये कायमचा राहतो. विजेचं चिन्ह मात्र तात्पुरतं आहे, पान ताजं केलं की चौकट परत येते. ड्रॉपरनं लेखाचा मजकूरच उडाला, तर घाबरून एक्स्टेन्शन काढायची गरज नाही. ‘माय फिल्टर्स’मधली शेवटची ओळ पुसा आणि ‘अप्लाय चेंजेस’ दाबा.

यूब्लॉक ओरिजिनच्या सेटिंग्जमधल्या याद्यांच्या पानावर कुकीच्या परवानगीच्या पट्ट्या आणि वार्तापत्राचे पॉप-अप घालवणाऱ्या ‘अनॉयन्सेस’ विभागातल्या याद्या आहेत, त्या लावण्यासारख्या आहेत. दिसते ती प्रत्येक यादी मात्र टिक करत सुटू नका. अर्ध्याहून जास्त नियम तेच ते असतात, आणि साइट बिघडली की दोषी यादी शोधणं जिकिरीचं होतं.

‘ब्लॉकर बंद करा’ म्हणून साइट अडून बसली तर आधी याद्या ताज्या करा: ‘पर्ज ऑल कॅशेस’, मग ‘अपडेट नाउ’. बऱ्याचदा एवढ्यानं भागतं. तरी अडली आणि ती साइट तुम्ही रोज वाचत असाल, जाहिराती तिथे सभ्यपणे एका कडेला असतील, तर तिच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवायला हरकत नाही. त्यांचाही संसार त्यावरच चालतो.

डीएनएस: अ‍ॅपमधल्या जाहिरातींसाठी

अ‍ॅपच्या आत एक्स्टेन्शन शिरत नाही. पण जाहिरात आणण्याआधी अ‍ॅपलाही एक प्रश्न विचारावाच लागतो: अमुक नावाच्या सर्व्हरचा पत्ता काय? हा प्रश्न डीएनएसकडे जातो. जाहिराती अडवणारा डीएनएस अशा नावांसाठी ‘०.०.०.०’ असा निरर्थक पत्ता देतो. जाहिरात डाउनलोडच होत नाही, त्यामुळे डेटाही वाचतो.

अँड्रॉइड ९ आणि त्यापुढच्या फोनमध्ये याची सोय आतच आहे, अ‍ॅप लागत नाही:

१. ‘सेटिंग्ज’मध्ये वरच्या शोधपट्टीत ‘प्रायव्हेट डीएनएस’ टाइप करा. प्रत्येक कंपनीनं ते वेगळ्या जागी ठेवलं आहे. सॅमसंगवर ते ‘कनेक्शन्स’, ‘मोअर कनेक्शन सेटिंग्ज’मध्ये असतं.

२. ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘प्रायव्हेट डीएनएस प्रोव्हायडर होस्टनेम’ निवडा.

३. तिथे ‘डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम’ हा पत्ता टाका. मागे-पुढे जागा सोडू नका, सुरुवातीला एचटीटीपीएस वगैरे काही लावू नका. अ‍ॅडगार्ड नको असेल तर ‘अ‍ॅडब्लॉक डॉट डीएनएस डॉट मलवाड डॉट नेट’ चालतो. मलवाडच्या इंग्रजी नावात व्ही आहे, स्पेलिंग त्यांच्या साइटवरून बघून घ्या.

४. ‘सेव्ह’ करा. ही सोय वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हीवर चालते.

एकही अक्षर चुकलं तर जाहिराती नाही, अख्खं इंटरनेटच बंद पडतं. होस्टनेम दिल्यावर अँड्रॉइड दुसऱ्या डीएनएसकडे वळत नाही, तो तिथेच अडून राहतो. वायफायची काडी पूर्ण आणि पान मात्र एकही उघडत नाही, असं दिसलं की पहिला संशय या स्पेलिंगवर घ्या.

आयफोनवर अ‍ॅडगार्ड डीएनएसच्या अधिकृत साइटवरून सफारीतच कॉन्फिगरेशन प्रोफाइल (सेटिंग्जची तयार फाइल) उतरवून घ्यायची, मग ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’मध्ये ती इन्स्टॉल करायची. भलत्या साइटवरची प्रोफाइल कधीही घेऊ नका, तिच्यातून फोनचं बरंच काही बदलता येतं.

विंडोज ११मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वायफाय’, ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’, तिथे ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’समोर ‘एडिट’ आणि ‘मॅन्युअल’. आयपीव्ही४ चालू करून पहिल्या रकान्यात ९४.१४०.१४.१४ आणि दुसऱ्यात ९४.१४०.१५.१५ टाका. दुसऱ्या रकान्यात सवयीनं गूगलचा ८.८.८.८ टाकला की ब्लॉकिंगला भोक पडतं. दुसरा पत्ता फक्त पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल याची खात्री नसते, संगणक दोघांनाही विचारू शकतो. इंटरनेट आयपीव्ही६वरही (पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर) चालत असेल तर त्याचेही पत्ते भरा, नाहीतर प्रश्न राउटरच्याच डीएनएसकडे जात राहतात. ते पत्ते लांबलचक असतात, अ‍ॅडगार्डच्या साइटवरून थेट कॉपी करा.

लागू झालं का ते तपासायला कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एनएसलुकअप’, एक जागा, मग ‘डबलक्लिक डॉट नेट’ टाइप करा. उत्तरात ०.०.०.० आलं तर काम झालं. खराखुरा पत्ता आला तर प्रश्न अजून जुन्याच वाटेनं जातोय. फोनवर हाच पत्ता ब्राउझरमध्ये उघडून बघता येतो, पण त्याआधी ब्राउझरमधला ब्लॉकर बंद करा. नाहीतर अडवलं कुणी तेच कळणार नाही.

सगळं बरोबर भरूनही फरक पडत नसेल तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असतं. व्हीपीएन (तुमचं इंटरनेट स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सेवा) चालू असेल तर तो आपलाच डीएनएस वापरतो. क्रोमच्या ‘सिक्युअर डीएनएस’मध्ये किंवा फायरफॉक्सच्या ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’मध्ये वेगळी कंपनी निवडलेली असेल तर ब्राउझर तुमच्या सेटिंगला वळसा घालतो. आणि जुने पत्ते उपकरणाच्या आठवणीत असतात, विमान मोड चालू-बंद केला की ते पुसले जातात.

डीएनएस लावल्यावर काही गोष्टी मोडल्यासारख्या वाटतात, त्या आधीच माहीत असाव्यात. गूगलवर शोधल्यावर वरच्या दोन-तीन लिंक उघडत नाहीत, कारण त्या प्रायोजित असतात आणि क्लिक जाहिरातीच्या सर्व्हरवरून फिरून जातो. खाली सरकून त्याच साइटची साधी लिंक घ्या. प्रचारकी ईमेलमधल्या लिंकही याच कारणानं अडतात, कधीकधी ‘अनसबस्क्राइब’सुद्धा. गेममध्ये ‘व्हिडिओ बघा आणि नाणी मिळवा’ चालणार नाही. हॉटेल किंवा विमानतळाच्या वायफायचं लॉगिन पान येत नाही. तिथे प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ करा, लॉगिन करा, मग पुन्हा होस्टनेमवर आणा.

यूट्यूब अ‍ॅपमधल्या आणि इन्स्टाग्रामच्या फीडमधल्या जाहिराती डीएनएसनं जाणार नाहीत. तिथे जाहिरात आणि मूळ मजकूर एकाच ठिकाणाहून येतो, नाव अडवलं तर दोन्ही बंद. यूट्यूबसाठी ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन किंवा पैसे भरून प्रीमियम, एवढेच सरळ मार्ग. जाहिरात काढून टाकलेली बदललेली अ‍ॅप्स फिरत असतात, पण ती तुमच्या गूगल खात्याचं लॉगिन मागतात. अनोळखी माणसानं बांधलेल्या अ‍ॅपला ते देणं शहाणपणाचं नाही.

ज्यांना कुठलं नाव अडलं ते बघायचं आहे, हवं ते सोडायचं आहे, त्यांना नेक्स्टडीएनएस सोयीचा पडेल. खातं उघडलं की प्रत्येकाला स्वतःचा पत्ता मिळतो. महिन्याला ३,००,००० प्रश्न फुकट, म्हणजे दिवसाला सुमारे १०,०००. एका-दोघांच्या फोनला पुरतात, घरभरच्या उपकरणांना अपुरे पडू शकतात. मर्यादा ओलांडली तर इंटरनेट बंद पडत नाही, फक्त अडवणं थांबतं. महिनाअखेरीस अचानक जाहिराती दिसायला लागल्या तर हे कारण असतं.

प्ले स्टोअरमध्ये सगळ्या अ‍ॅपमधल्या जाहिराती काढणारे ब्लॉकर ठेवायला गूगल परवानगी देत नाही. अ‍ॅडगार्डचं पूर्ण अँड्रॉइड अ‍ॅप म्हणूनच त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्यावं लागतं. ते फोनमध्येच एक नकली व्हीपीएन उभा करून काम करतं, आणि अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. ऑफिसच्या कामाला व्हीपीएन लागत असेल तर प्रायव्हेट डीएनएसचीच वाट धरा.

कंपनीनंच बसवलेल्या जाहिराती

शाओमी, रेडमी, पोकोच्या फोनवर ‘एमएसए’ नावाचं अंगभूत जाहिरात अ‍ॅप असतं. सेटिंग्जमध्ये ‘ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन’ शोधा आणि ‘एमएसए’ बंद करा. दहा सेकंद थांबायला लावतं, कधी ‘जमलं नाही’ म्हणतं. इंटरनेट चालू ठेवून पुन्हा पुन्हा करा, दोन-तीन वेळांत होतं. शिवाय फाइल मॅनेजर, सिक्युरिटी अशा प्रत्येक अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘रेकमेंडेशन्स’चा स्वतंत्र खटका असतो.

अँड्रॉइडवर ‘गूगल’, ‘अ‍ॅड्स’मध्ये ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ आहे. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘ट्रॅकिंग’मध्ये अ‍ॅपना विचारूच न देण्याचा खटका, आयओएस १४.५पासून. दोन्ही जरूर करा, पण यानं जाहिरातींची संख्या घटत नाही, फक्त त्या तुमच्या मागावर राहत नाहीत.

टीव्हीत तर पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कळवण्याची सोयच असते. सॅमसंगवर तिचं नाव ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीवर ‘लाइव्ह प्लस’. व्हिझिओ या कंपनीनं लोकांना न विचारता हे केलं म्हणून अमेरिकेत २०१७मध्ये तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. हा खटका बंद करा, मग टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस ‘मॅन्युअल’ करून ९४.१४०.१४.१४ भरा. गूगल टीव्हीवर खात्याच्या सेटिंगमधला ‘अ‍ॅप्स ओन्ली मोड’ होम स्क्रीन बराच साफ करतो. फायर टीव्हीवर ‘प्रेफरन्सेस’, ‘फीचर्ड कंटेंट’मध्ये व्हिडिओ आणि आवाज आपोआप सुरू होणं थांबवता येतं. डीएनएस बदलल्यावर टीव्हीचं अ‍ॅप स्टोअर उघडेनासं झालं, तर अपडेटच्या वेळेपुरता ‘ऑटोमॅटिक’ करा.

पाय-होल: घरातल्या सगळ्या उपकरणांसाठी

प्रत्येक उपकरणात डीएनएस भरत बसण्यापेक्षा राउटरमध्ये एकदाच भरता येतो. राउटरचं पान बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर उघडतं, तिथे ‘डीएचसीपी’ (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) विभागात डीएनएसचे रकाने असतात. बहुतेक घरांना एवढं पुरतं. अडवायच्या याद्या आणि नोंदी स्वतःच्या ताब्यात हव्या असतील तर पाय-होल, म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा घरचाच डीएनएस.

लागतं ते असं: रास्पबेरी पाय ३ किंवा त्यापुढचा (झिरो २ डब्ल्यूही चालतो), ५१२ एमबी रॅम, १६ जीबीचं बऱ्यापैकी दर्जाचं मायक्रोएसडी कार्ड, त्याचाच अडॅप्टर आणि जमलं तर नेटवर्कची केबल. पायला राउटरच्या यूएसबी पोर्टमधून वीज देऊ नका. व्होल्टेज कमी पडतो, कार्डावरचा डेटा खराब होतो, आणि दोष पाय-होलला जातो.

१. रास्पबेरी पाय इमेजरनं कार्डावर ‘ओएस लाइट’ टाका. टाकतानाच एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून पायला कमांड देण्याची सोय) चालू करून पासवर्ड ठेवा.

२. पाय राउटरला जोडा आणि राउटरच्या ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’मध्ये त्याचा आयपी पक्का करा. ही पायरी गाळली तर काही आठवड्यांनी पायचा पत्ता बदलतो आणि घरभर ‘इंटरनेट गेलं’ सुरू होतं.

३. पाय-होलच्या अधिकृत पानावरची एका ओळीची इन्स्टॉल कमांड तिथूनच कॉपी करून चालवा. शेवटी दिसणारा पासवर्ड लिहून ठेवा. हरवला तर सहाव्या आवृत्तीपासून ‘पायहोल सेटपासवर्ड’ या कमांडनं नवा ठेवता येतो.

४. राउटरच्या डीएचसीपीत पहिला डीएनएस म्हणून पायचा आयपी द्या. दुसरा रकाना रिकामा ठेवा किंवा तोच आयपी पुन्हा भरा. राउटर आयपीव्ही६चा डीएनएसही वाटत असेल तर तो बंद करा.

५. उपकरणांचं वायफाय एकदा बंद-चालू करा, म्हणजे ती नवा पत्ता घेतील.

राउटर डीएनएस बदलूच देत नसेल, तर त्याचं डीएचसीपी बंद करून पाय-होलचं चालू करा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका, उपकरणं कधी याच्याकडून तर कधी त्याच्याकडून पत्ता घेतात. काही टीव्ही आणि स्ट्रीमिंगच्या काड्या तुमचं न ऐकता थेट ८.८.८.८ला विचारतात. राउटरमध्ये फायरवॉल असेल तर पाय सोडून बाकी सगळ्यांचा पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचे प्रश्न जातात ती वाट, बाहेर जायला बंद करा. प्रायव्हेट डीएनएस लावलेले फोनही पाय-होलला ओलांडून जातात, पण त्यांच्या जाहिराती आधीच अडलेल्या असतात, त्यांना हात लावायचं कारण नाही.

पाय बंद पडला की घरातलं कुणीच काही उघडू शकत नाही. आणि तो नेमका तुम्ही बाहेरगावी असताना बंद पडतो. म्हणून राउटरचा पत्ता, त्याचा पासवर्ड आणि ‘डीएनएस पुन्हा ऑटोमॅटिक करा’ एवढी एक ओळ कागदावर लिहून राउटरच्या खाली चिकटवून ठेवा.